गुणाजीचं हुतूतूचं चित्र

लालबाग, २३ जानेवारी १९५६

ती. आक्कास रामजीचा नमस्कार.

आईला एवढंच वाचून दाखव: आम्ही दोघे भाऊ खुशाल आहोत. सोबत माझी दोन चित्रं आहेत, शेवंतीची फुलं आणि चाळीतलं भजन. आईचा गुडघा कसा आहे?

आता पुढचं मनात वाच. संयुक्त महाराष्ट्राच्या मोर्च्यावर गोळीबार झाला त्या दिवसापासून गुणाजी घरी आलेला नाही. त्याचा फोटो नाही, म्हणून मी काढलेलं त्याचं हुतूतूचं चित्र घेऊन इस्पितळं पालथी घालतोय. काल एक नर्सबाई म्हणाली, "भाऊ, इथे असा हसणारा कुणीच नाही."

मी त्याला नेहमी हसतानाच काढला गं. आज मिटल्या तोंडाचा काढायला बसलो. आक्का, चार कागद फाडले. प्रत्येकात तो हसतोच.

तुझा,
रामजी