स्टँडमध्ये वाळू, बागेश्रीत घरघर

शनिवार, ४ जानेवारी

नवीन वर्षाचा संकल्प, थोडा उशिरा पण विचारपूर्वक: शुभा घरी यायच्या आत म्युझिक सिस्टीम परफेक्ट करायची.

शुभा मुलुंडला आहे, बहिणीकडे. बहिणीच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं, तेव्हा मदतीला गेली. ऑपरेशन दसऱ्याच्या आधी झालं. गुडघ्याला वेळ लागतो. मेव्हणी डिसेंबरात गिरनार चढून आली, असं अबोली फोनवर म्हणाली. आता मुलगी बंगलोरला बसून मुलुंडच्या गुडघ्याबद्दल काय सांगणार!

आज पुन्हा ती कॅसेट लावली. सोसायटीच्या गच्चीवरची कोजागिरी, अबोली तेव्हा चौथीत होती. शुभा बागेश्री गायली होती आणि मी स्वतः पुढे बसून रेकॉर्ड केलं होतं. मागच्या महिन्यात ते कॉम्प्युटरवर घेतलं. शुभाला पत्ता नाही. ती आली की समोर बसवायचं आणि लावायचं. मग बोलायची गरजच नाही. बोलायला गेलो की माझं नेहमी काहीतरी चुकतं.

एकच अडचण. गाण्याच्या खाली सतत घरघर. ऐकवायच्या आधी ती घालवायला हवी.

सोमवार, ६ जानेवारी

ऑफिसात केयूरला विचारलं. अकाउंट्समध्ये आहे, पण ऑडिओतला बापमाणूस. त्याचं निदान: स्पीकरचे स्टँड पोकळ आहेत. लोखंडी पाइप रिकामा असला की तोही गाण्याबरोबर घुमतो. म्हणाला, जयवंत, आत वाळू भर यार, घरघर गायब. लिहून देतो.

घरी येऊन स्टँडवर टिचकी मारली. टण्ण! चोर सापडला.

अबोलीला सगळं समजावलं. तिने विचारलं, बाबा, तू आईला फोन केलास का? म्हटलं, सरप्राइज आहे, फोनवर फुटेल. मग फोन कट झाला. तिकडे नेटवर्क खराब आहे.

शनिवार, ११ जानेवारी

वाळू आणली! बिल्डिंगच्या कामावरची रेती केयूरने नापास केली, त्यात खडी असते. म्हणून वर्सोव्याहून फेरीबोटीने मढ. तिथे किनाऱ्यावर जवळा, ती बारीक कोळंबी, वाळत घातला होता. त्याच्या बाजूची वाळू एकदम बारीक. दोन पिशव्या भरल्या.

जवळा पसरणाऱ्या एका बाईने विचारलं, वाळू कशाला? मी म्हटलं, स्पीकरसाठी. तर ती दुसरीला म्हणाली, घरान बायको नाय वाटतं याच्या. मी न ऐकल्यासारखं केलं.

धुऊन घ्यावी का, असा विचार आला होता. पण समुद्र रोज धुतोच की.

रविवार, १२ जानेवारी, सकाळ

वाळू ओलसर निघाली. ओली भरली तर स्टँड आतून गंजतील. शुभाची चिवड्याची मोठी कढई काढली. मंद गॅसवर वाळू परततोय. मला स्वयंपाकघरातलं काही येत नाही असं म्हणणाऱ्यांनी येऊन बघावं.

तोच दिवस, दुपार

वास सुटला. साधासुधा नाही, सुकटीचा. घरभर, जिन्यात, लिफ्टमध्ये. वाळूत जवळा होता.

शेजारचे चंद्रप्रकाशभाई, म्हणजे आमचे सेक्रेटरी, नाकाला रुमाल लावून दारात. मी कढई दाखवली. ते वाळूकडे बघत राहिले, मग माझ्याकडे. भाभी अजून आल्या नाहीत का, असं विचारलं. मी म्हटलं, गुडघा. ते हळूच म्हणाले, जयवंतभाई, संध्याकाळचं जेवायला आमच्याकडे येत जा ना. तक्रार करायला आलेला माणूस असं का बोलतो, समजलं नाही. मी तोऱ्यात नाही म्हटलं. नंतर ब्रेड खाल्ला.

एक नोंद: शुभा मालवणची. सुकट म्हणजे तिचा जीव की प्राण. पण सगळा मजला शाकाहारी, म्हणून मी लग्नापासून तिला घरात सुकट भाजू दिली नाही. लोक काय म्हणतील? तत्त्व म्हणजे तत्त्व. आजचा वास तांत्रिक कारणाने होता.

शनिवार, १८ जानेवारी

फत्ते! नरसाळं लावून दोन्ही स्टँड गळ्यापर्यंत भरले. लाटण्याने ठोकून ठोकून वाळू बसवली. टिचकी मारली. ठप. केयूरला फोनवर ऐकवलं. म्हणाला, वा, काय मेलाय स्टँड! आमच्यात ही शाबासकी असते.

स्पीकर, स्पीकर आणि खुर्ची, तिन्हींत सारखं अंतर पाहिजे. त्या हिशोबाने डावा स्टँड शुभाच्या कपाटासमोरच येतो. कपाटाचं दार उघडत नाही. हरकत नाही, सध्या उघडणार कोण? तिची गाण्याची पेटी जमिनीवर अडत होती, ती माळ्यावर टाकली.

मग बागेश्री लावली. घरघर गेली नाही. उलट जास्त ठळक झाली. केयूर म्हणतो, वाळू सेट व्हायला वेळ लागतो.

रविवार, १९ जानेवारी

स्टँडच्या बुडाशी, स्क्रूच्या भोकातून रात्रभर वाळू गळत होती. लादीवर ढिगारा. भोक कणकेने बुजवलं. झटपट आणि घरगुती उपाय.

मंगळवार, २१ जानेवारी

मुंग्या.

गुरुवार, ३० जानेवारी

शुभाचा मेसेज! रविवारी अकराला येते. कपाट रिकामं करायचं आहे.

अर्थातच. इतके महिने घर बंद असल्यासारखं पडलंय, आवराआवर कपाटापासूनच सुरू होणार. बाई घरात राहायला येणार म्हणजे आधी कपाट काढणार. मी लगेच अंगठा पाठवला. मग वाटलं, अंगठा कोरडा दिसतो. मग दुसरा अंगठा पाठवला.

कामं: मुंग्या. खुर्चीला नवीन उशी. दाढी. श्रीखंड.

अबोलीला बातमी दिली. ती म्हणाली, बाबा, तू तो मेसेज नीट वाचलास ना? नीट म्हणजे काय, पाठ आहे.

रविवार, २ फेब्रुवारी

आली होती.

दार उघडलं, आणि ती उंबऱ्यातच थांबली. मोठा श्वास घेतला. घरात अजून तो वास आहे, मला आता येत नाही. तिचा चेहरा एकदम उजळला. म्हणाली, सुकट भाजलीस? तू? माझ्यासाठी?

नुसतं हो म्हणायचं होतं. एवढ्या वर्षांत मला इतकं सोपं कोणी काही विचारलं नव्हतं. मी म्हटलं, नाही गं, ती वाळू आहे, स्टँडमध्ये भरली, बेस घट्ट होतो.

अस्सं, म्हणाली. चप्पल काढून आत आली.

बरोबर दोन रिकाम्या बॅगा होत्या. तेव्हाही मला वाटलं, कपाटातलं जुनंपानं देऊन टाकायला आणल्या असतील. कपाटाचं दार अडलं. स्टँड एकट्याने हलेना. मग दोघांनी मिळून सरकवला. ती म्हणाली, एक, दोन, तीन. किती दिवसांनी आम्ही दोघांनी मिळून काही केलं. लादीवर मोठा ओरखडा उठला.

ती साड्या भरत होती. मी म्हटलं, आधी पाच मिनिटं खुर्चीत बस. बसली. उशीकडे बघितलं. मी बागेश्री लावली.

केयूर खरं बोलला होता. वाळू सेट झाली होती. शुभाचा आवाज असा आला, जणू ती तरुणपणची शुभा त्या दोन स्पीकरांच्या मध्ये येऊन उभी राहिली. माझ्या अंगावर काटा आला. आणि घरघरही आली, तीही आता अगदी स्वच्छ. घरघर नव्हतीच ती. माझा आवाज होता. मी शेजारी बसलेल्याला माइकची माहिती देत होतो. आलापात माहिती, तानेत माहिती. मग म्हणालो, आता आटपेल ही, मग मसाला दूध घेऊ.

मी धावत बंद करायला गेलो. रेकॉर्डिंगमध्येच फॉल्ट आहे, असं काहीतरी म्हणालो. शुभा म्हणाली, राहू दे रे. मला तेव्हाही ऐकू येत होतं. गाताना.

रागावून म्हणाली असती तर मी काहीतरी उत्तर दिलं असतं. रागावली नाही.

मग माझ्याकडे बघून म्हणाली, ताईचा गुडघा केव्हाच बरा झालाय, जयवंत. मी विचारलं नव्हतं. पेटी मागितली. मी माळ्यावरून काढली, धूळ पुसली, खाली टॅक्सीत नेऊन ठेवली. चंद्रप्रकाशभाई गेटवर होते, त्यांनी दुसरीकडे बघितलं. काळजी घे, म्हणाली. कढईला तेल लावून ठेव, गंजेल. टॅक्सी वळेपर्यंत मी उभा होतो. श्रीखंड द्यायचं राहिलं.

शुभा परत येणार नाही. हे मी आज पहिल्यांदा लिहितोय.

सोमवार, ३ फेब्रुवारी

रजा टाकली. बागेश्री शेवटपर्यंत ऐकली. इतके दिवस कधी शेवटपर्यंत पोचलोच नव्हतो, घरघर आली की थांबवून स्टँडच्या मागे लागायचो.

शेवटी टाळ्या आहेत. मग पावलं जवळ येतात, आणि शुभा अगदी माइकजवळ विचारते, कसं झालं रे? दम लागलाय तिला, आवाजात हसू आहे. मी म्हणतो, थांब गं, आधी हे बंद करू दे. खट्. संपलं.

तेवढंच मागे नेऊन परत परत ऐकलं. कसं झालं रे, कसं झालं रे. मग सिस्टीम बंद केली, वायरी काढल्या आणि त्या खुर्चीसमोर उभा राहून म्हणालो, छान झालं. फार छान झालं गं, शुभा. पुन्हा म्हणालो. बऱ्याच वेळा, मोठमोठ्याने म्हणालो.

बेल वाजली. चंद्रप्रकाशभाई. जयवंतभाई, स्पीकर जरा हळू करा ना, असं म्हणाले. मी हो म्हटलं.

स्पीकर बंद होते.