बाजूला होऊ नकोस

हेन्डरसन, ऑकलंड
१४ नोव्हेंबर २०२५

चि. मंदा हिस अनेक आशीर्वाद.

इकडे सर्व ठीक. तुझा गुडघा कसा आहे? सांगितलेले व्यायाम तू करत नाहीस, हे मला इथे बसून दिसतं. पापड पोचले. निम्मे मोडले होते. पुढच्या वेळी डब्यात घालून पाठव, पिशवीत नको.

स्वानंदीने फॅमिली ग्रुपवर टाकलेला व्हिडिओ पाहू नकोस. म्हणजे पाहिला असशीलच. त्यात ओरडणारी बाई कोण, असं तुझ्या प्रमोदने विचारलंय. त्याला सांग, इंजिनांच्या आवाजात नीट कळत नाही.

आता होणाऱ्या जावयाबद्दल. योखेन मोटारींचा इंजिनिअर आहे, असं मी तुम्हा सर्वांना सांगितलं होतं. मोटारीत असतो, एवढं खरं. तो शर्यतीत गाडी चालवतो. बाहेरून तुमच्या-आमच्या गाडीसारखी दिसणारी, आतून सगळं काढून टाकलेली. तिला टूरिंग कार म्हणतात. जर्मनीत अकरा वर्षं चालवली आणि एकदाही पहिला आला नाही. का, म्हणून विचारलं, तर म्हणाला, "आय वॉज नंबर टू, आई." एका संघाच्या दोन गाड्या असतात. रेडिओवर हुकूम आला की दोन नंबरवाल्याने बाजूला व्हायचं आणि जोडीदाराला पुढे सोडायचं. हा दर वेळी झाला. मग एका हंगामापुरता न्यूझीलंडला आला, त्याला स्वानंदी भेटली, आणि राहिला.

रस्त्यावर मात्र त्याचं चालवणं बघवत नाही. पन्नासची पाटी म्हणजे पन्नास. प्रमोदची लूना पुढे निघून जाईल. भाजीला जाताना मी शेजारी बसून रस्ता सांगते: डावीकडे, उजवीकडे, सरळ, थांब. तेवढंच मराठी त्याला येतं.

लग्नाला मी एकच अट घातली. शर्यती बंद. तो तेव्हा भांडी पुसत होता. "अंडरस्टूड," म्हणाला आणि पुढचं ताट उचललं. स्वानंदी मात्र "आई, तू ना!" म्हणून दार आपटून गेली. दाराची बिजागरी त्यानेच नीट केली.

रविवारी त्याची शेवटची शर्यत होती. मी केवळ अट पाळली जाते का, ते बघायला गेले. संघाच्या मालकाने मला गॅरेजात खुर्ची दिली, ऐकायला हेडफोन दिले. शेवटून दुसरी फेरी आली तेव्हा योखेन पहिला होता आणि त्याच्या मागे दुसऱ्या गाडीत मालकाचाच भाचा. मालक रेडिओवर म्हणाला, "लेट द बॉय थ्रू ऑन द लास्ट लॅप, मेट."

"अंडरस्टूड."

मंदा, तोच स्वर. ताटं पुसतानाचा.

"स्वीट अ‍ॅज," म्हणजे इकडच्या भाषेत 'झकास', असं म्हणत मालक पाहुण्यांशी हात मिळवायला गेला. रेडिओ खुर्चीवर ठेवून गेला. लोकांना वस्तू जागेवर ठेवायची सवय नाही. त्याचं बटण चांगलं मोठं होतं.

पुढचं व्हिडिओत आहे. "योखेन, सरळ! बाजूला झालास तर याद राख! सरळ!" असं कोणीतरी म्हणालं.

रेडिओ खरखरला. मग, "आई?"

"सरळ!"

वळणं आली तिथे वळला. पण बाजूला झाला नाही. पहिला आला. मालकाने येऊन माझ्या हातातला रेडिओ काढून घेतला. मग ट्रॉफीच्या फोटोत सगळ्यांत पुढे तोच उभा.

योखेन घामाने निथळत माझ्यापाशी आला आणि हेल्मेट माझ्या हातात देऊन म्हणाला, "फिनिश्ड, आई. अ‍ॅज प्रॉमिस्ड." चेहरा इतका आनंदी, की मला आधी चष्मा पुसावा लागला. मी हेल्मेट परत दिलं. म्हटलं, घरात ठेवायला जागा नाही. दर आठवड्याला लागणारी वस्तू गाडीतच ठेवावी. त्याला कळेना. स्वानंदीने इंग्रजीत सांगितलं, तेव्हा त्याने मला उचललं. तेही व्हिडिओत आहे. तेवढं तरी प्रमोदने कॉलनीत दाखवू नये.

लग्न जानेवारीत, नक्की. पत्रिका तिकडेच छाप. मागच्या मसुद्यातलं 'इंजिनिअर' खोड आणि 'रेसिंग ड्रायव्हर' असं लिही. कोणी नाक मुरडलं तर माझा नंबर दे.

आणि त्या व्हिडिओतली बाई कोण, तेही प्रमोदला सांगून टाक. सरळ.

तुझी,
विनिताताई