बाबांच्या पायाखाली काय अंथरावं

गडचांदूर
९ मार्च

चि. रोशन यास ताईचे अनेक आशीर्वाद. घरी सगळे बरे आहेत असे धरून लिहिते.

दिवाळीनंतरचे हे पहिलेच पत्र. उशीर माझाच, त्याला सबब नाही. मध्ये फोन झाले, पण ते बोलणे नव्हे. मागच्या वेळी बाबांचा विषय निघाला, तू ओरडलास, मी ओरडले, आणि तुझ्या चंदाने फोन ओढून घेऊन सांगितले की बहीणभावाने आता कागदावरच भांडावे, रिचार्ज तिच्या पैशाचा आहे. तिचे बरोबर आहे. कागदावर निदान वाक्य पुरे होईपर्यंत कोणी मध्ये बोलत नाही.

तर विषय तोच. मासेमारीचा लाकडी डोंगा कुजला आणि मच्छीमार सोसायटीकडून फायबरचा नवा मिळाला, याचा मला आनंदच झाला होता. पण त्याच्या गुळगुळीत बुडावर बाबा जानेवारीत घसरून पडले आणि तेव्हापासून तू त्यांना नदीवर नेत नाहीस. डॉक्टरांनी पुन्हा पडले तर खुबा जाईल असे सांगितल्यावर तू दुसरे काय करणार होतास? फोनवर मी हे कबूल केले नाही, म्हणून इथे करते. पण बाबांना काठावर बसवून ठेवणे हाही इलाज नव्हे. बुडावर काहीतरी अंथरायलाच हवे. तुझ्या मनात काय काय आहे ते सविस्तर कळव. मी इथे दुकानांतून चौकशी करते.

मयुरीची बारावी सुरू आहे. ती अभ्यास करते की नुसती दिवा जाळते, हे निकालाला कळेल. हे बरे आहेत.

बाबांना नमस्कार सांग. माया आहे तशीच राहू दे.

तुझी
रीताताई


अहेरी
१८ मार्च

ती. रीताताईस रोशनचा शि. सा. नमस्कार. तुझं पत्र भेटलं. चंदाला वाचून दाखवलं, रिचार्जवाल्या ठिकाणी ती दोनदा हसली.

बाबाचं विचारशील तर तब्येत ठीक आहे, पण माणूस ठीक नाही. रोज पहाटे आमच्याआधी घाटावर जाऊन उभे राहतात, खांद्यावर जाळं. मी आणि शेजारचा चैतू डोंगा पाण्यात लोटतो ते पाहतात. डोंगा लांब गेला की जाळं घेऊन घरी येतात. आणि मी आणलेली मासोळी खाऊन नाही राह्यले. म्हणतात दुसऱ्याच्या हातची मासोळी आजाऱ्याले द्यावी, मले काय झालं. मी दुसरा झालो, बघ.

आता सामानाचं. सागाची फळी सगळ्यात चांगली, पण ती घाटावर दिसली की फॉरेस्टवाले आधी पावती विचारतील, मग नाव विचारतील. प्लायवुड एका पावसात फुगते. खडबडीत लोखंडी पत्रा चैतूने सुचवला, पण त्यावर आपटला तर माणूस पाण्यातच पडलेला बरा. बाबाचं म्हणणं एकच, बांबूची ताटी. जुन्या डोंग्यात होती तशी. पण ताई, तेव्हा सुताचं जाळं होतं. आता नायलॉनच्या तंगूसचं आहे, बांबूच्या काडीत असं अडकते की सोडवता सोडवता ऊन वर येते. वरून फायबरवर ताटी सरकते. मी नाही म्हटलं तर बाबा म्हणाले की तुह्या फायबरले डोंगा काऊन म्हणतोस, न्हाणी म्हण.

बाकी मजेची गोष्ट. डोंगा कसा चालते ते पाहायला एक साहेब आले होते. बूट घालूनच चढले. बाबा काठावरून असे गरजले की साहेब पाण्यात पडता पडता वाचले. खाली उतरवून बूट काढायला लावले, पाण्याला हात लावायला लावला, मग चढू दिलं. साहेबांनी विचारलं की हा कोणाचा नियम. बाबा म्हणाले, नदीचा.

तू शिकलेली आहेस, काही उपाय काढ. रात्री वहीत उद्याचं काम लिहून झोपायची सवय अजून आहे ना, तर हेही लिही. चंदाचा नमस्कार. आमच्यावर जीव असू दे.

तुझा
रोशन


गडचांदूर
१ एप्रिल

चि. रोशन यास आशीर्वाद.

उपाय सापडला असे वाटते. इथे सिमेंट कारखान्यांतले माल वाहणारे जुने, झिजलेले रबरी बेल्ट भंगारात निघतात. लोक गोठ्यात म्हशींच्या पायाखाली टाकतात. ह्यांचे ओळखीचे भैयाजी भंगारवाले आहेत, त्यांच्याकडे गेले. ते म्हणाले की वहिनी, या बेल्टवर म्हैस घसरत नाही तर तुमचे बाबा काय घसरतील. उपमा मला आवडली नाही, बेल्ट आवडला.

तरी म्हशीच्या भरवशावर राहिले नाही. तुकडा सकाळी अंगणात टाकून त्यावर बादलीभर पाणी ओतले. मग साबणाचे पाणी. मग मच्छीबाजारातून मुद्दाम आणलेले खवले टाकले आणि चांगली वर-खाली चालले, एका पायावर उभी राहिले, वळले. मयुरीने त्याचा व्हिडिओ काढला, तो तुला दाखवणार नाही. चप्पल तसूभर सरकली नाही. तंगूस अडकायला त्यात काडी नाही, कुजायला लाकूड नाही, आणि वजनामुळे तो जागचा हलत नाही.

तू फोनवर दिलेल्या मापाने कापून अहेरीच्या गाडीत टाकते. जास्त खरबरीत बाजू वर ठेव. एकच विनंती. बेल्ट बसला की बाबांना स्वतः चढू दे, हात धरून चढवू नकोस. हात धरला तर त्यांना बेल्टचा भरवसा येणार नाही, तुझाच येईल.

बाबांना सांग की पोरीने पाठवले आहे. लोभ वाढवावा, कमी करू नये.

रीताताई


अहेरी
१५ एप्रिल

ती. ताईस शि. सा. नमस्कार.

ताई, तुझ्या बेल्टने कमाल केली. बाबा चढले. हात नाही धरला. आधी एक पाय ठेवला, दाबून पाहिला, मग दुसरा, आणि सरळ समोर जाऊन उभे राहिले, जसे कधी उतरलेच नव्हते. पहिल्याच दिवशी डोहातून मोठी मरळ काढली आणि घरी येऊन स्वतः साफ केली. चंदाने रस्सा केला. किती जेवले ते लिहीत नाही, नजर लागेल.

आता आम्हालाच त्रास आहे. आम्ही ऊन व्हायच्या आत परतणारे लोक. बाबा डोक्यावर सूर्य येईपर्यंत काठाला लागू देत नाहीत. म्हणतात तीन महिन्यांचं राह्यलं आहे. मी मागे वल्ह्याशी बसतो, चैतू माझ्या बाजूला, आमचे पाय बुडातल्या पाण्यात असतात म्हणून चालून जाते. बाबा समोर उंच भागात उभेच. बसा म्हटलं तर बसत नाहीत. म्हातारपणी एक नवीन चाळा लागला आहे, दर थोड्या वेळाने डब्याने नदीचं पाणी घेऊन बेल्टवर ओततात. भर नदीत उभा माणूस आणि डोंग्यात पाणी ओतते. आम्ही उपसतो, ते ओततात. चैतू म्हणाला की बाबा बेल्टले आंघोळ घालून राह्यले, तुमच्या ताईकडून आला ना. बाबा हसले पण नाही.

चैतूलाही असाच बेल्ट पाहिजे, त्याच्या डोंग्यासाठी. भैयाजीला विचारून ठेव. आठवण असू दे.

तुझा
रोशन


गडचांदूर
२३ एप्रिल

चि. रोशन,

आशीर्वाद. आज खुशाली विचारत नाही, एकच गोष्ट विचारते.

बेल्टचा उरलेला तुकडा मी गच्चीवर टाकीशेजारी टाकला होता. आज दुपारी कुरडया परतायला वर गेले. कुरडयांजवळ चपला घालून कोण जाणार, जिन्यातच काढल्या. परत येताना त्या तुकड्यावर पाय पडला. तव्यावर पडावा तसा. पाय उचलला तरी चटका आत राहिला होता.

मी साबण ओतला, खवले टाकले, एका पायावर उभी राहिले, आणि सगळे चप्पल घालून केले. ढिवराच्या पोरीने. साहेबांचे बूट उतरवल्याची गोष्ट तू लिहिलीस तेव्हा मी हसले, ह्यांना वाचूनही दाखवली. पण बाबा त्या बेल्टवर कोणत्या पायांनी उभे राहणार, हे मनात आले नाही.

बाबा पाणी का ओततात ते आता कळले असेल. हे पत्र हातात पडेल त्या दिवशी त्यांचे तळवे बघ. ते दाखवणार नाहीत, तरी बघ. मी फोन केला तर ते मला सगळे ठीक आहे असे सांगतील, आणि मी विश्वास ठेवीन, म्हणून केला नाही.

ताई


अहेरी
२ मे

ती. ताईस नमस्कार.

तुझं पत्र भेटलं त्याच दिवशी पाहिले. रात्री जेवण झाल्यावर चंदाने पाय चेपते म्हणून पाय धरले आणि सोडले नाही. दोन्ही तळवे फोडांनी भरलेले. काही जुने, काही फुटलेले. त्यावर एरंडीचं तेल लावून चिंध्या बांधत होते आणि पहाटे आम्ही उठायच्या आत काढून ठेवत होते. आमच्याआधी घाटावर जायची सवय आधीचीच, पण आता जात होते ते आम्हाला चाल दिसू नये म्हणून.

मी खूप बोललो, ताई. बोलायला नको होतं तेवढं. बाबांनी ऐकून घेतलं. मग म्हणाले की मी सांगतलं असतं तर तू बेल्ट काढला असतास. बेल्ट निघाला की त्याच्यासंगं मी पण निघालो. पायाचं काय, पाय भरून येतात. चंदा म्हणाली की चपला घालून उभे राहा, उन्हापुरत्या. बाबांनी तिच्याकडे असं पाहिलं की ती भांडी उचलून आत गेली.

मी हट्टाने विचारलं की मग करायचं काय. तर म्हणे ताटी. मी म्हटलं सरकते. तर म्हणाले फायबरवर सरकते, बेल्टवर कशी सरकेल, करून पाह्यलं काय. खरंच मी करून नव्हतो पाहिलं. तुझ्या बेल्टवर टाकली तर जागची हलली नाही, पाय दिला की रबरात बसते. खाली तुझा बेल्ट, वर बाबाची ताटी. राहिला तंगूस. त्यासाठी बाबांनी काड्यांच्या कडा घासून गोल केल्या आणि टोकांवर सायकलची जुनी ट्यूब ओढून बसवली. जाळं फिरवून पाहिलं, एकदा अडकलं. बाबा म्हणतात एकदा तर माणूसही अडकते.

पण मी अट घातली. फोड सुकल्याशिवाय पाण्यात नाही. आणि ताटी भर उन्हात गरम होत नाही हे आधी पाहिल्याशिवाय नाही. बाबा म्हणाले की ते रीता पाहील. बाबाचं म्हणणं, तुह्या बहिणीले तपासाची हौस आहे, तिलेच करू दे. म्हणून ताटीचा एक तुकडा उद्याच्या गाडीत पाठवून राह्यलो. त्यांनी स्वतः बांधला आहे. तू जे सांगशील ते चालेल असं ते म्हणतात. मी सांगतो ते चालत नाही, ही वेगळी गोष्ट.

रागावू नको, आणि स्वतःवर तर अजिबात रागावू नको. तुझा बेल्ट नसता तर ताटी सरकलीच असती.

तुझा
रोशन


गडचांदूर
७ मे

चि. रोशन यास अनेक आशीर्वाद. ती. बाबांच्या चरणी नमस्कार.

तुकडा आज संध्याकाळी पोचला. मयुरीने आधी वास घेतला आणि नदीचा येतो म्हणाली. मला नुसत्या बांबूचा आला. गाठी बाबांच्याच आहेत, टोक आत दडवलेले, कुठे बोटाला लागत नाही.

मी स्वतःवर रागावले नाही असे लिहिले तर खोटे होईल. पण बाबांनी तपास पुन्हा माझ्याकडेच दिला, यात राग धरायला जागा ठेवली नाही. उत्तर अजून माझ्याकडे नाही. सकाळच्या उन्हात पाहून चांगले म्हणायचे, असे या वेळी करणार नाही. चटका बसला तर बसला असेच कळवीन, बाबांना आवडो न आवडो. बाबांना तोवर फोड झाकू देऊ नकोस, वारा लागू दे. चंदाला सांग, तिने पाय धरले ते फार बरे केले.

तुमच्या सगळ्यांची माया अशीच मिळत राहो.

तुझी
रीताताई

ता. क. वहीत उद्याचे काम लिहिले ते तुलाही लिहिते: भर दुपारी गच्चीवर, बेल्टवर ताटी ठेवून, बाबा जाळे ओढतात तेवढा वेळ अनवाणी उभे राहणे.