टाकीवरचे दिवे

बाबा,

मी कामावर निघाले. गुलाब्याच्या काचेच्या टाकीवरचे तुमचे दोन्ही दिवे मी उतरवलेत, ते परत चढवायचे नाहीत. चाळीस वर्षं लोकांच्या घरचं वायरिंग केलेल्या माणसाला उजेडाबद्दल शिकवणं म्हणजे आगाऊपणाच, पण या बाबतीत माझंच ऐका. ॲक्सोलॉटल दिसतो पाण्यातल्या सरड्यासारखा, पण त्याला पापण्याच नसतात, डोळे मिटायची सोयच नाही. तुमच्या लख्ख उजेडात आपला गुलाब्या दिवसभर पाइपात तोंड खुपसून बसतो. शिवाय पाणी तापतं ते वेगळंच.

मी जावा फर्न हे पाण्यात वाढणारं झाड आणलंय. ते मंद उजेडातही मजेत वाढतं. वाळूत पुरू नका, कुजेल. मी दोऱ्याने दगडाला बांधलंय. वर तरंगणारी बारीक पानं सावलीसाठी आहेत, कचरा समजून काढू नका.

कोपऱ्यातलं तुमचं लाडकं झाड मात्र काढून टाकलं. महिनाभर तुम्ही त्याला खताचे थेंब घालत होतात, एकही पान गळलं नाही म्हणून कौतुक करत होतात. बाबा, ते प्लॅस्टिकचं होतं.

तेव्हा कळलं, ते दिवे गुलाब्यासाठी नव्हतेच.

उद्या सकाळी अकराला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जायचंय. मी रजा टाकली आहे, सबबी चालणार नाहीत. मोतीबिंदू निघाला तर काढून टाकू, त्यात काय एवढं!

आणि हत्यारांच्या पेटीत पकडीखाली लपवलेलं भिंग आणायला उठू नका. म्हणूनच ही चिठ्ठी जाड मार्करने, मोठ्या अक्षरांत लिहिली आहे.