वेताळानं न नेलेला आवाज

ता. शिरूर अनंतपाळ, जि. लातूर

चि. सत्यम यास मामाचे पोटभर आशीर्वाद.

तुझी तब्येत बरी असेल, ताईचे गुडघे फार कुरकुरत नसतील, असं धरून चालतो. इकडे सगळे खुशाल आहेत, फक्त मी गोंधळलोय.

तुझा सिनेमा लातूरला जाऊन पाहिला. अख्खं गाव दोन टेम्पोंतून गेलं. एक सरपंच ईश्वरप्पांनी केलेला, दुसरा त्यांचे विरोधक अमरेशराव यांनी (दोघांनी डिझेल आपणहून भरलं, तिथंच मला शंका यायला हवी होती). विहिरीतला वेताळ प्रत्येक दारापुढं दिव्याचा खांब रोवतो आणि बदल्यात घरातल्यांचे आवाज बरण्यांत भरून नेतो, इथपर्यंत समजलं. पुढं तो त्या बरण्यांची मिरवणूक काढतो आणि मुकी माणसं दिव्याखाली उभी राहून टाळ्या वाजवतात, तेव्हा हसावं की रडावं कळेना. मी शेजारच्यांकडं बघून दोन्ही थोडं थोडं केलं.

परत येताना पहिल्या टेम्पोत वेताळ म्हणजे अमरेशराव असं ठरलं, दुसऱ्यात ईश्वरप्पा. दोघंही खूश. दोघांनी तुझा सत्कार ठेवलाय, तोही एकाच दिवशी. खरा वेताळ कोण, हे विचारायला दोघं आळीपाळीनं माझ्याकडं येऊन गेले (तुझा मामा, म्हणजे मला आतलं ठाऊक असणार). मी दोघांनाही चहा पाजला आणि वाटेला लावलं. तूच सांग, कोण?

आणखी एक किरकोळ शंका. सिनेमात एक रिटायर मास्तर आहे. वेताळ शाळेचं मैदान गिळत असतो आणि हा चष्मा काढून पुसत बसतो. (चष्म्याची दांडी पांढऱ्या दोऱ्यानं बांधलेली. असे चष्मे पुष्कळांचे असतात. आणि आपल्या शाळेच्या मैदानावर दुकानांचे गाळे काढायचे, एवढ्या एकाच बाबतीत ईश्वरप्पा आणि अमरेशरावांचं एकमत आहे, हा योगायोग समजतो.) बरणी घेऊन आलेला वेताळ मास्तरकडं बघून म्हणतो, "ह्याचा राहू द्या ह्याच्यापाशी. वापरतच न्हाई त्यो."

सगळं थेटर हसलं. आपले दोन्ही टेम्पो पहिल्यांदाच एकत्र हसले. तुझी मामी मात्र हसली नाही, तिनं माझ्या चष्म्याकडं पाहिलं. मला फार वाईट वाटलं, सत्यम.

असो. लोभ आहेच, तो पडद्याबाहेरच राहू द्यावा.

तुझा मामा,
शेषेराव (निवृत्त मुख्याध्यापक)

ता. क. : त्या मास्तरच्या चष्म्याचा दोरा काळा करता येईल का? पत्र खरं तर एवढ्यासाठीच.

ता. क. दुसरा : मामीनं पत्र वाचलं. म्हणाली, "दोरा काळा करून काय व्हतंय? कागद तर पेटीत ठिवून बसलाव." मैदान शाळेच्याच नावावर असल्याचा जुना कागद मी मुख्याध्यापक असल्यापासून जपून ठेवलाय. सोमवारी गाळ्यांसाठी ग्रामसभा आहे, तिथं तो घेऊन जातोय. तू सत्काराला येऊ नको, ग्रामसभेला ये. कॅमेरा आणू नको. माझ्यासमोरच बस, आणि माझा हात चष्म्याकडं गेला की मोठ्यानं खोक.