माझ्या हृदयाबाबत, आईच्या अटीसह

मी, प्रथमेश केरू होवाळ, वय सव्वीस, व्यवसाय मोबाईल दुरुस्ती, राहणार आटपाडी, जिल्हा सांगली, हे मृत्युपत्र स्वतःच्या अक्षरात लिहीत आहे. माझी बुद्धी शाबूत आहे आणि कोणाचाही दबाव नाही. तब्येत शाबूत नाही, म्हणून आत्ताच लिहितो. खाडाखोड आहे तिथे बाजूला सही केली आहे. साधा कागद चालतो असे वकिलांनी सांगितले. तरी आणखी एका वकिलांना विचारून खात्री केली.

१. माझ्या हृदयाच्या पडद्याला जन्मापासून छिद्र आहे. ते कळले तेव्हा शस्त्रक्रियेची वेळ निघून गेली होती. शाळा नववीत सुटली, कारण वर्ग वरच्या मजल्यावर होता.

२. घर आई अंजना हिच्याच नावावर आहे. पोस्टातली शिल्लकही तिची. दुकानातली हत्यारे बहीण माया, राहणार म्हसवड, हिला द्यावीत. काम ती माझ्या शेजारी बसून शिकली आहे. भावजींनी हत्यारांना हात लावू नये. त्यांनी उघडलेला एकही फोन पुन्हा जोडला गेलेला नाही.

३. मेडिकल कॉलेजातल्या डॉ. संयोगिता जगदाळे मॅडम परीक्षेच्या दिवसांत मला ‘केस’ म्हणून बोलावतात. शर्ट काढून पलंगावर पडायचे. मुले छाती ऐकतात आणि आजार ओळखतात. आजाराचे नाव आपण सांगायचे नाही, एवढीच अट. जेवण आणि एसटीचे भाडे मिळते. एकदा एक मुलगा घामाघूम होऊन कानाशी आला. “दादा, काय झालंय तेवढं सांग की. बाप घरी वाट बघतोय.” मी म्हणालो, “माझाबी बाप वाट बघत गेला गड्या. त्यालाबी कुणी सांगितलं न्हाई.”

माझ्या हृदयावर मॅडमनी लेख लिहिले, ते वैद्यकातले. मग यंत्रावरचा आवाज ऐकून मुले जास्त शिकतात की जिवंत माणसाची छाती ऐकून, यावर लिहिले, ते शिक्षणातले. दोन्हीकडे त्यांचे नाव झाले. देशोदेशीच्या किती लेखांत त्यांच्या लेखांचा दाखला आहे, ते त्यांनी मला संगणकावर दाखवले. मी विचारले, यात मी कुठे आहे. त्यांनी एका ओळीवर बोट ठेवले : एकोणीस वर्षांचा पुरुष. मी तेव्हा चोवीस पूर्ण केली होती. तिथे मी अजूनही एकोणीसचाच आहे आणि तिथे मला दमही लागत नाही.

त्या लेखांच्या प्रती मायाने सांभाळाव्यात. रद्दीत गेल्या तर कोणी त्यात भजी बांधून देईल.

४. बाहेरगावाहून आलेल्या एका परीक्षकांनी निळी नखे दाखवायला माझा हात वर धरला आणि फोन आला म्हणून तसाच धरून बोलत राहिले. त्यांना मी माफ केलेले नाही. गोष्ट लहान आहे, पण कुठेतरी लिहिलेली असावी.

५. आता मुख्य. माझ्यामागे हृदय कॉलेजच्या संग्रहालयात ठेवता येईल का, असे मॅडमनी विचारले. विचारताना त्या माझ्याकडे बघत नव्हत्या, म्हणून मला त्यांचा राग आला नाही. आईला आला.

“आवं मॅडम, इतक्या कागदांत पोराचं नाव न्हाई घातलं तुमी. आन आता काळीज मागताय व्हय?”

नाव न छापणे हा रुग्णाच्या भल्याचाच नियम आहे, असे मॅडमनी समजावले. आई उठून बाहेर गेली.

माझी इच्छा द्यायची आहे. कारण डॉ. जोतिबा खरात. विद्यार्थी असताना छाती ऐकायच्या नळीचे गार टोक तळहातावर ऊन करून मग माझ्या छातीला लावणारे तेच एक. आता ते शिराळ्याकडे नोकरीला आहेत. तिथे एका तान्ह्या मुलीच्या छातीत त्यांना माझ्यासारखाच आवाज लागला. तिची शस्त्रक्रिया वेळेत झाली. हा दाखला मॅडमच्या संगणकात येत नाही.

परंतु माझ्यामागे देहाबाबत आईची संमती लागते, असे वकील म्हणाले. ती नाही म्हणाली तर नाही. कोणीही तिला समजवायला जाऊ नये. आयुष्यभर तिला सगळ्यांनी समजावलेच आहे.

६. वरील मजकूर आज आईला वाचून दाखवला. साक्षीसाठी डॉ. जोतिबा आले होते. आई बराच वेळ ज्वारी निवडत राहिली. मग त्यांना म्हणाली, “ती नळी द्या हिकडं. एवढ्या पोरांनी ऐकलं ह्याचं, मला कवा कुणी दिली न्हाई.”

डॉक्टरांनी नळी तिच्या कानांत घातली. तिने डोळे मिटले. मी मध्येच काही बोलायला गेलो तर हाताने गप्प केले. मला बसून पाठ दुखू लागली, तरी ती ऐकतच होती.

नळी काढल्यावर तिने जे सांगितले ते तिच्याच शब्दांत लिहितो, आणि ही या मृत्युपत्राची अट समजावी :

“न्या म्हणावं. पर मी कवाबी यीन. गेटावर कुणी इचारायचं न्हाई, कोण तुमी म्हणून.”

वाचून, समजून, दोन साक्षीदारांसमोर सही केली.

प्रथमेश केरू होवाळ

साक्षीदार :
१. डॉ. जोतिबा खरात, शिराळा (लिहिणारा शुद्धीवर असल्याचा दाखला सोबत जोडला आहे)
२. नानासो ऐवळे, शेजारी, आटपाडी

संमती : अंजना केरू होवाळ, डाव्या अंगठ्याचा ठसा

स्थळ : आटपाडी
दिनांक : ९ फेब्रुवारी २०२५