साहेबाच्या बारमधली खुर्ची

१२ नोव्हें.
वसंत जाऊन पाच महिने. भाजी घेताना नामदेव भेटला. जुन्या पुणे रस्त्यावरचा बार त्याचा. घोडे बदलायला थांबणाऱ्या गोऱ्यांसाठी कुणा इंग्रज साहेबानं काढलेला. साहेब तिथेच मेला आणि अजून येऊन बसतो, ही वसंतची आवडती गोष्ट.
नामदेव म्हणाला, "काकी, काका येतात रोज साडेसातला. खिडकीजवळची त्यांची खुर्ची हलते. साहेबाला आता कंपनी हाय."
हसले. मेथी घ्यायची राहिली.

१३ नोव्हें.
दहाव्याला पिंडाला लगेच कावळा शिवला. सगळे म्हणाले, सुटला, कसलीच इच्छा मागे नाही. मला तेव्हाही लागलं होतं. माझीसुद्धा नाही?
आणि बारमध्ये मात्र रोज. इथे त्याची उशी मी अजून...

१५ नोव्हें.
साहेबाशी इंग्रजीत बोलत असणार. लग्नानंतर दोन वर्षं जेवताना मी शिकवलं ते इंग्रजी. 'आमची कॉन्व्हेंटची' म्हणून मित्रांत मिरवायचा. चुकला की बोलता बोलता माझ्याकडे बघायचा. आता कुणाकडे बघतो?

१८ नोव्हें.
गेले. भर दुपारी, गिऱ्हाईक नसताना. आयुष्यात पहिल्यांदा. नामदेवनं लिंबू सरबत दिलं. खुर्ची साधीच, एक पाय आखूड. पुढ्यात खाऱ्या शेंगदाण्यांची बशी. घरी त्याला शेंगदाणे खाऊ दिले नाहीत मी, पित्त म्हणून.
"ही मला दे."
"नाय काकी, लोक मुद्दाम बगायला येतात."
"अरे, बायको मी आहे की साहेब?"
शेवटी खुर्ची रिक्षात त्यानंच चढवून दिली.

१९ नोव्हें.
साडेसात. मालिका लावली नाही. काही नाही.

२० नोव्हें.
आजही नाही. मग आठवलं, डुगडुगू नये म्हणून आखूड पायाखाली मी पुठ्ठा सरकवला होता. काढला.

२१ नोव्हें.
सकाळी नामदेवचा फोन. "काकी, खुर्ची नाय तरी काल काका आले वाटतं. टेबल हललं."
"त्यांना सांग," म्हटलं, "की घरी..." तो म्हणाला, "सांगतो काकी." हसला नाही, एवढं बरं.

संध्याकाळ. शेंगदाणे भाजले, मिठाच्या पाण्याचा हबका मारून. बशी खुर्चीपुढे ठेवली. पित्त होईना का.
सात पंचवीस. पेनाचा आवाज होतोय. थांबते.